कपाट कुणी मांडलं?

माझ्या भाचीला शर्टाची पाच बटणं लावायला अकरा मिनिटं लागतात. मोजायची सवय माझ्या धंद्याची. ताईची सकाळची शिफ्ट असते आणि मी घरून काम करतो, त्यामुळे साडेतीन वर्षांच्या या बाईंना तयार करून रिक्षात बसवणं माझ्याकडे आहे. ‘तयार करणं’ हा शब्द अर्थात तिला मान्य नाही. गेल्या महिन्यात एकदा उशीर होत होता, रिक्षावाले काका खालून हॉर्न देत होते, मला मीटिंग होती. मी गुडघ्यांवर बसलो आणि वीस सेकंदांत तिची बटणं लावून टाकली. ती रडली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, पाचही बटणं काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

रिक्षा गेली, मीटिंगही बुडाली. त्या नजरेचं काय करायचं ते मात्र कळेना. माझ्या लेखी मी मदत केली होती. तिच्या लेखी मी तिच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतलं होतं.

ती माँटेसरीत जाते. हल्ली कोपऱ्याकोपऱ्यावर ही पाटी दिसते, कारण या नावावर कुणाचा हक्क नाही, कुणीही लावू शकतं. तिची शाळा मात्र पालकसभेत बऱ्यापैकी खरी वाटली. बुटकी उघडी कपाटं, प्रत्येक साहित्याचा एकच नग, तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात. तिथल्या बाई म्हणाल्या, “आम्ही काही लादत नाही, मूल स्वतः निवडतं.” सगळे पालक खूश. माझ्या पोटात मात्र कसंतरी झालं, कारण हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकतो. यूजर स्वतः निवडतो.

मी एका ॲपवर काम करतो. कुठलं बटण हिरवं, कुठलं राखाडी, कुठलं तिसऱ्या स्क्रीनवर, हे आम्ही ठरवतो आणि मग आकडे दाखवून म्हणतो, बघा, लोकांनीच हे निवडलं. कपाट मांडणाऱ्याने अर्धी निवड आधीच केलेली असते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मग त्या वर्गातलं मूल स्वतंत्र आहे म्हणजे नेमकं काय? आणि त्या बाई करतात त्यात आणि मी करतो त्यात फरक आहे की नाही?

पहिलं उत्तर सोपं होतं: त्यांचा हेतू चांगला, आमचा पैशाचा. पण इतिहास वाचल्यावर ते टिकेना. मारिया माँटेसरी या डॉक्टर. त्यांचं पहिलं बालघर ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत उघडलं. जागा दिली ती तिथल्या इमारती दुरुस्त करून भाड्याने देणाऱ्या कंपनीने. आईबाप कामावर गेले की लहान मुलं जिन्यांत धुडगूस घालत, भिंती खराब करत. त्यांना एका खोलीत सांभाळणं मालकांना परवडत होतं. एवढ्या मोठ्या विचाराची सुरुवात दुरुस्तीचा खर्च वाचवण्यातून झाली! पुढे १९२०च्या दशकात याच शाळांना मुसोलिनीच्या सरकारने हात दिला, आणि माँटेसरीबाईंनी तो घेतलाही. १९३४ सालाच्या सुमारास बिनसलं, शाळा बंद पडल्या, बाईंना इटली सोडावी लागली. म्हणजे कपाटाचे पैसे देणाऱ्याला मुलाचं स्वातंत्र्यच हवं असतं असं काही नाही. तरी त्या खोलीत काहीतरी खरं घडत होतं. ते कुठून आलं?

मला वाटतं, ते वस्तूंमधून आलं. एक लाकडी ठोकळा असतो, त्याला दहा भोकं आणि त्यांत बसणारे दहा दंडगोल, प्रत्येकाला पकडायला छोटी मूठ. बारका दंडगोल मोठ्या भोकात टाकला तर तिथे चालून जातं, पण शेवटी एक जाडा उरतो आणि कुठेच बसत नाही. कुणी “चुकलं” म्हणत नाही. मूल बघतं, सगळे काढतं, पुन्हा लावतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर कंपायलर दाखवतो, बॉस नाही. बसले की शाबासकी नाही, हातावर स्टार नाही. मुलाला बाईंच्या चेहऱ्याकडे बघावंच लागत नाही. मी इंजिनीअरिंगची चार वर्षं सबमिशनच्या सहीसाठी सरांच्या चेहऱ्याकडे बघण्यात घालवली, त्यामुळे मला हे जरा जास्तच लागलं असेल.

आणि ते काम संपतं. दहा बसले की झालं. हवं तर पुन्हा करा, नाहीतर जागेवर ठेवा. आमच्या ॲपमध्ये कितीही खाली गेलं तरी तळ लागत नाही, आणि तुम्ही आज हुशार ठरलात की नाही हे आम्हीच सांगतो, सलग किती दिवस आलात ते मोजून. काही महिन्यांनी भाचीला तो ठोकळा कंटाळवाणा वाटेल आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. तेच ठोकळ्याचं यश. आमच्याकडे याला ‘चर्न’ म्हणतात आणि त्यावर तातडीची बैठक बसते.

पण इथेच थांबलो तर मी माँटेसरीचा जाहिरातदार होईन. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९१४ सालीच या पद्धतीवर टीका केली होती. हे साहित्य फार मर्यादित आहे, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. ठोकळ्याचं बरोबर उत्तर एकच आहे आणि ते मोठ्या माणसाने आधी ठरवलंय. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे घेऊन एखाद्याने आगगाडी केली, तर कडक शाळांमध्ये त्याला हळूच परत मनोऱ्याकडे वळवतात. आगगाडी हे त्या मुलाचं स्वातंत्र्य नव्हतं का? मला अजून नीट सुटलेलं नाही.

जवळपासचं उत्तर मला आपल्याकडे सापडलं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या होत्या, माँटेसरीचं सगळं त्यांना ठाऊक होतं. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यांवरची आदिवासी मुलं बालवाडीत यायची नाहीत. मग ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, झोपडीपुढच्या अंगणात. महागड्या लाकडी साहित्याऐवजी शिंपले, खडे, बिया, पानं. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे १९७५च्या सरकारी योजनेतून तो देशभर गेला.

मला यात स्वस्त साहित्यापेक्षा अंगण महत्त्वाचं वाटतं. वर्गात मूल बाईंच्या मांडणीत येतं. अंगणात बाई मुलाच्या मांडणीत येतात. तिथे मूल उठून घरात जाऊ शकतं, शेळीमागे धावू शकतं, आणि बाईंना कळतं की आज आपलं काही जमलं नाही. मांडणी कुणीतरी करणारच, त्याला इलाज नाही. पण तिच्यातून उठून जाता येतं का, आणि गेल्यावर मांडणाऱ्याला ते चालतं का, एवढं तर बघता येतं.

आमच्या ॲपमध्ये ‘खातं बंद करा’ हे बटण तिसऱ्या स्क्रीनच्या तळाशी आहे, फिकट राखाडी रंगात. तो रंग मी निवडलाय. दोन वर्षांपूर्वी, शुक्रवारी संध्याकाळी, घरी जायची घाई होती म्हणून फारसा विचार न करता. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये म्हटलं, ते बटण वर आणू या. सगळे माझ्याकडे सभ्यपणे बघत राहिले. मॅनेजर म्हणाले, तिकीट टाकून ठेव. टाकलंय. ते बॅकलॉगमध्ये एकशे चाळिसाव्या नंबरवर आहे.

दरम्यान आम्ही अलार्म पंधरा मिनिटं अलीकडे आणलाय. आज सकाळी तिने खालून सुरुवात केली आणि पहिलंच बटण दुसऱ्या काजात घातलं. मला दिसलं. हात पुढे गेला होता, तो मी चहाच्या कपाकडे वळवला. एकेक करत ती वर आली आणि गळ्याशी एक बटण उरलं, त्याला काजच नाही. ती खाली वाकली, शर्टाची दोन्ही टोकं धरून बघितली.

“मामा, हे उललं,” म्हणाली, आणि सगळी काढायला लागली.