रेझ्युमेतून खोडलेली ओळ

मागच्या रविवारी आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमधला, खालच्या मजल्यावरचा मुलगा लॅपटॉप घेऊन घरी आला. बारावी झाली, इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि कॉलेजातल्या टेक्निकल क्लबने रेझ्युमे मागितलाय. त्याच्याकडे होता तो दहावीनंतर स्कॉलरशिपच्या अर्जासाठी केलेला. "दादा, यातलं काय ठेवू, काय उडवू?"

सोपं काम वाटलं. एलिमेंटरी ड्रॉइंगची बी ग्रेड, वक्तृत्वातलं उत्तेजनार्थ बक्षीस उडव. बारावीचे मार्क, सीईटीचा पर्सेंटाइल, शिकतोयस ते पायथन घाल. दहावीची टक्केवारी मात्र राहू दे. प्लेसमेंटला अनेक कंपन्या दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ टक्के आहेत का ते बघतात.

मग त्याने स्वतःहून एक ओळ सिलेक्ट केली. 'संध्याकाळी वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात काम, दोन वर्षं.' डिलीट.

"बरं नाही दिसत ना, दादा."

मी गप्प बसलो, कारण मीही हेच केलं होतं. आई डबे करायची. अकरावी-बारावीत मी सायकलवरून भांडुप-मुलुंडला ते पोचवायचो. इंजिनिअरिंगला गेल्यावर रेझ्युमे केला, तेव्हा ती ओळ घातलीच नाही. खोटं काय बोललो? काहीच नाही. एक पान असतं, त्यात सगळं कुठे मावतं?

पुढे नोकरीच्या पहिल्याच इंटरव्ह्यूत विचारलं, "चिडलेल्या ग्राहकाला कधी तोंड दिलंय?" दिलं होतं की! पावसात डबा उशिरा पोचला की एक काकू दारातच झाडायच्या. पण ते कागदावर नव्हतं. म्हणून कॉलेज फेस्टच्या स्पॉन्सरची एक गोष्ट जागच्या जागी रचली. नोकरी लागली. खरं खोडून मोकळी केलेली जागा शेवटी खोट्याने भरावी लागली.

मग खोडणंच चूक का? मला तसं वाटत नाही. दहावीच्या मार्कशीटचंच बघा. 2010 पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं. सहा विषयांतला सगळ्यात कमी मार्कांचा विषय सोडून टक्केवारी काढतात. म्हणजे बोर्डसुद्धा निवड करतं. पण सोडलेल्या विषयाचे मार्क त्याच कागदावर छापलेले असतात. कुणालाही बघता येतात.

रेझ्युमेत सोडलेलं असं छापलेलं नसतं, ते फक्त आपल्याला माहीत असतं. म्हणून स्वतःलाच विचारायचं: उद्या कुणी विषय काढला, तर ही ओळ मी सहज सांगेन का? ड्रॉइंगची ग्रेड हसत सांगेन. ती जुनी झाली म्हणून गेली. डबे मात्र लाज वाटली म्हणून गेले. आणि त्या ओळीबरोबर पहाटे उठून पोळ्या लाटणारी माझी आईही गेली.

हे सगळं त्याला सांगितलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

त्याने थोडा विचार केला आणि कंट्रोल-झेड दाबलं. मग विचारलं, "दादा, तुझ्या रेझ्युमेत आहे का आता डब्यांचं?"

नाही. आता नोकरीचाच अनुभव पानभर आहे, त्यामुळे ती ओळ आता खरंच जुनी झालीय. जुनी व्हायच्या आधी एकदा तरी लिहायला हवी होती.