परी तलावाची गंगा

मॉरिशसच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात, विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात एक तळं आहे. फ्रेंचांनी त्याला ग्रां बासां म्हटलं, उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या भोजपुरी मजुरांनी परी तलाव. 1897 च्या सुमारास त्रिओले गावच्या झुम्मन गिरी गोसावी या पुजाऱ्याला स्वप्न पडलं, की हे पाणी जान्हवीचंच आहे. लवकरच लोक महाशिवरात्रीला ते पाणी आणायला चालत जाऊ लागले. शिवाच्या जटेतली गंगा इथे थेंबभर सांडली, अशी कथाही रुजली.

मग 1972 मध्ये भारतातून गंगेचं पाणी आणून या तळ्यात ओतलं गेलं आणि परी तलावाचा गंगा तलाव झाला.

तळं आधीच गंगा होतं, तर हे पाणी कशाला? आणि नव्हतं, तर इतकी वर्षं लोक कुणाच्या दर्शनाला जात होते?

तीर्थ सापडतं की घडवलं जातं, हा वाद काशीत रंगणार नाही. मॉरिशसमध्ये तो टाळता येत नाही, कारण या बेटाला मूळ रहिवासीच नव्हते. डच 1638 मध्ये वस्ती करायला आले, नंतर फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. गुलामगिरी संपत आली तशी इंग्रजांनी 1834 पासून पोर्ट लुईच्या घाटावर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, उतरवले. त्यांत कोकणातून गेलेले मराठी लोकही होते आणि गणेश चतुर्थीला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते. आज साडेबारा लाखांच्या आसपास असलेल्या या लोकसंख्येत कुणालाच इथलं तीर्थ वारशाने मिळालेलं नाही.

हिंदू आचारात या पेचाला वाट आहे. आंघोळीच्या पाण्यात सात नद्यांना बोलवायचं, मातीच्या मूर्तीत दीड दिवसांपुरते प्राण आणायचे, हे घरोघरी चालतं. आवाहन केलं म्हणून देव आधी नव्हता, असं कुणी म्हणत नाही. मात्र हे उत्तर जरा जास्तच सोयीचं आहे. 1972 मध्ये स्वातंत्र्याला चारच वर्षं झाली होती. मळ्यांतून वर आलेल्या समाजाला आपलं नातं हरिद्वारशी जोडून दाखवायचं होतं, असं मानायला जागा उरते. 2007 मध्ये तळ्यापाशी उभ्या राहिलेल्या 108 फुटी मंगल महादेवाच्या मूर्तीमागेही भक्तीइतकीच ती हौस असावी.

पोर्ट लुईजवळच्या सेंत क्र्वामध्ये वेगळंच दिसतं. मुक्त झालेल्या गुलामांत काम केलेल्या पेर लावाल या फ्रेंच धर्मगुरूची तिथे समाधी आहे. ते 9 सप्टेंबर 1864 रोजी वारले. दरवर्षी त्या दिवशी कॅथलिकांबरोबर हिंदू आणि मुसलमानही तिथे येतात. तिथे ना स्वप्न लागलं, ना दूरदेशीचं पाणी.

महाशिवरात्रीचे यात्रेकरू मात्र तळ्याशी थांबत नाहीत. सजवलेल्या कावडींतून पाणी घेऊन ते आपापल्या गावी परततात आणि तिथल्या शिवालयातल्या पिंडीवर ते ओततात.