पुसणे आणि पाहणे

एकच कृती एका माणसाच्या हातून धर्म आणि दुसऱ्याच्या हातून अधर्म कशी होते, असे तरुण भक्त आम्हांस विचारतात. उत्तरादाखल ग्रंथ उघडले की त्यांचे लक्ष दाराकडे जाते. म्हणून आज त्यांच्या आवडीच्या वस्तूवरच बोलू.

जुनी मोटारसायकल आहे, इंजिनातून थोडे तेल पाझरते. मालक डिझेलचा डबा आणि ब्रश घेऊन बसतो व इंजिन लख्ख धुतो. हे कृत्य चांगले की वाईट? नुसते पाहून सांगता येणार नाही. उद्या गिऱ्हाईक येणार म्हणून धूत असेल तर ती फसवणूक होय. गळती कोठून होते ते कळावे म्हणून धूत असेल तर तो सत्याचा शोध होय. ब्रश तोच, ओणवा बसलेला माणूसही तोच. फरक एवढाच, की एक जण पुसून उठून जातो आणि दुसरा पुसून पाहत बसतो.

पुष्कळ मालक यांपैकी काहीच करीत नाहीत. ‘गळते म्हणजे आत तेल आहे,’ असे हसत म्हणतात. विनोद जुना आहे आणि सोयीचाही आहे. पण आतले तेल कमी होत जाते ते हसण्याने भरत नाही. मागच्या चाकावर आलेले तेल पहिल्या पावसात वळणावर काय करील हे सांगायला नको. शिवाय डाग पडतो तो बहुधा दुसऱ्याच्या फरशीवर. दोष लहान आहे हे आम्हांस मान्य आहे, परंतु तो लहान आहे हे ठरविण्याचा अधिकार ज्याची फरशी खराब होते त्यालाही असावा की नाही?

आता शोधाकडे येऊ. आपल्या भागात जुन्या बुलेट पुष्कळ आहेत. १९५०च्या दशकात मद्रासेत तयार होऊ लागलेली ही गाडी. ओतीव लोखंडाचे सिलिंडर, वर रॉकरची झाकणे, बाजूला टॅपेटचे, टायमिंगचे, क्लचकडचे झाकण. जितके सांधे तितक्या वाटा. तेल वरच्या सांध्यातून निघते, खाली ओघळते, गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि शेवटी सर्वांत खालच्या नटावर थेंब होऊन लोंबते. मालकाला तोच नट दिसतो. तो त्यालाच पान्याने आवळतो, म्हणजे निरपराध्याला शिक्षा करतो.

न्यायशास्त्रात पर्वतावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. तेलाचा डाग असे सरळ अनुमान करू देत नाही. आत तेल आहे आणि कोठेतरी वाट आहे, एवढेच तो सांगतो. वाट कोठे आहे ते सांगत नाही. म्हणून आधी गाडी सपाट जागी सरळ उभी करून तेलाची पातळी पाहावी. प्रमाणापेक्षा जास्त तेल ओतले असेल तर ते बाहेर येणारच, त्यात सांध्याचा अपराध नाही. पातळी ठीक असेल तर इंजिन थंड असताना धुऊन, कोरडे करून त्यावर खडूची किंवा अंगाला लावायची पावडर हलकेच भुरभुरावी. मग गाडी सुरू करून दहा मिनिटे जवळ बसावे. पांढऱ्यावर पहिली काळपट रेघ जेथे उमटते तेथे बोट ठेवावे. खालची नव्हे, वरची आणि पुढची.

अन्वय आणि व्यतिरेक म्हणजे हेच: कारण असता कार्य असते, कारण काढले असता कार्य नसते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा. सगळे नट आवळले, दोन गॅस्केट बदलली, तेलही पातळऐवजी जाड घातले आणि गळती थांबली, तर कशाने थांबली ते कळत नाही. किड्याने लाकूड कोरताना चुकून अक्षर उमटावे तसे ते यश. पंडित त्यास घुणाक्षर न्याय म्हणतात.

कधी कधी मात्र एकही सांधा दोषी नसतो आणि तीन-चार ठिकाणांहून तेल येते. असे झाले की सांध्यांना हात लावण्यापूर्वी ब्रीदरची नळी पाहावी. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर पिस्टन हजार वेळा खाली येतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या खालच्या हवेला जागा द्यावी लागते. ती हवा बाहेर जावी म्हणून नळी असते. नळी चिखलाने बुजली, दुमडली किंवा तिच्यातील रबरी झडप चिकटली, की आतला दाब दुबळा सांधा शोधतो आणि तेलाला घेऊन निघतो. तो सांधा बंद केला तर दुसरा शोधतो. ज्या घरात सुनेला बोलायची सोय नाही त्या घरात भांडी आपटतात. सासू भांड्यांना नावे ठेवते. नळी कोणी पाहत नाही.

आणि पिस्टन-रिंगा झिजल्या असतील तर वरचा वायूही खाली उतरतो. तेथे नळी साफ करूनही भागत नाही. ते काम मोठे, तेथे जाणत्याकडेच जावे.

सांधाच दोषी ठरला तर दुरुस्ती अवघड नाही. घाईने मात्र ती बिघडते. जुने कागदी गॅस्केट बोथट पात्याने खरवडावे, ॲल्युमिनियमच्या तोंडाला चरा पडू देऊ नये. झाकणाचे तोंड जाड काचेवर टेकवून सपाट आहे का ते पाहावे. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. जोर लावून आवळणाऱ्यांना वाटते की आपण गळती बंद करतो. प्रत्यक्षात झाकण बोल्टापाशी वाकते, मधे फट पडते, किंवा आटे जातात. तसेच सीलंट भसाभस चोपडण्याचे. बाहेर ओघळलेले दिसते, आत तितकेच ओघळलेले असते. ते सुटून तेलाच्या मार्गात अडकले तर बाहेरचा थेंब थांबतो आणि आतले बेअरिंग कोरडे पडते. बाहेरून निर्दोष दिसण्यासाठी आत केवढे नुकसान!

बाराव्या शतकात कल्याणात मडिवाळ माचिदेव शरणांची वस्त्रे धूत असत. धुणे हे त्यांचे कायक होते. डाग धुण्याची प्रतिष्ठा आम्ही त्यांच्यामुळे मानतो. म्हणून तर त्याचा गैरवापर पाहवत नाही. गाडी विकायची आहे, दुरुस्तीला सवड नाही, तरी हरकत नाही. इंजिन धुवावे, आणि गिऱ्हाइकाला सांगावे की टॅपेटच्या झाकणातून पाझरते. तो किंमत पाडून मागेल. मागू द्यावी.

दुरुस्ती केलेल्याने त्या रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि कोपऱ्यात तारीख व किलोमीटर लिहावेत. दोनशे किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, बोल्ट एकदा तपासावेत आणि नवे वर्तमानपत्र अंथरावे.