रांगेत कुणाचा वेळ जातो?

जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कने मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क बसवलं. तेव्हापासून आपल्याकडेही अर्थतज्ज्ञ विल्यम व्हिकरी यांचा दाखला देत एकच गोष्ट सांगितली जाते: कर लावा, गाड्या घटतील, कोंडी फुटेल. बीड जिल्ह्यात हाच विचार वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. गळीत हंगाम लागला, उसाचे ट्रॅक्टर फार झाले, त्यांना दिवसा बंदी घाला. दोन्हीकडे समजूत एकच, की कोंडी म्हणजे गाड्यांचा सुकाळ. व्हिकरींनी खोडली ती हीच समजूत. तिच्याच समर्थनाला त्यांचं नाव वापरलं जावं, याचा मला राग येतो, कारण त्यांच्या विचाराची खरी गरज आपल्या ऊसतोड मजुराला आहे.

व्हिकरींआधीचा इतिहास थोडक्यात असा. रस्त्यावर आलेला प्रत्येक जण इतरांना उशीर करतो आणि त्याची किंमत मोजत नाही, हे अर्थतज्ज्ञ पिगूंनी १९२० मध्ये मांडलं. रुंद केलेला रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा भरतो, हे अर्थतज्ज्ञ डाउन्सनी १९६२ मध्ये सांगितलं. नवा रस्ता जोडल्यावर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, हे गणितज्ञ ब्राएस यांनी १९६८ मध्ये गणिताने सिद्ध केलं. या साऱ्यांचा प्रश्न ‘किती गाड्या, कोणत्या रस्त्यावर’ असा होता.

१९६९ च्या निबंधात व्हिकरींनी गाड्यांची संख्या कायम ठेवली. रस्त्यात एक अरुंद जागा आहे, तिथून तासाला ठरावीकच गाड्या सुटतात आणि सगळ्यांना एकाच वेळी पोचायचं आहे, एवढंच त्यांनी धरलं. मग काही जण लवकर निघतात आणि लवकर पोचण्याची गैरसोय सोसतात. काही उशिरा निघतात. अगदी हव्या त्या वेळी पोचणारा रांगेत सर्वांत जास्त ताटकळतो. आता त्या जागेवर वेळेनुसार चढता-उतरता पथकर लावला, तर रांग नाहीशी होते. तरी गाडी एकही कमी होत नाही. तासाला तेवढ्याच सुटतात, माणसं कामावर त्याच वेळी पोचतात, फक्त घरून उशिरा निघतात. जो वेळ रांगेत वाया जात होता, त्याच्या जागी पैसा जमा होतो.

हा निबंध पथकराच्या बाजूचा पुरावा म्हणून वाचला जातो. मला त्यात पथकराहून मोठी गोष्ट दिसते. रांग जमते ती घड्याळामुळे, आणि तिच्यात जळालेला वेळ कुणाच्याच पदरात पडत नाही. पण या मांडणीत एक अट आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं: कधी निघायचं, हे रांगेतला माणूस स्वतः ठरवतो.

ही अट घेऊन हंगामात साखर कारखान्याच्या गाडीतळावर जाऊन पाहावं. बीडमध्ये गढी, तेलगाव, पांगरी इथे कारखाने आहेतच. शिवाय जिल्ह्यातले लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि बैलांच्या टायरगाड्या नंबर लावून उभ्या असतात. इथली अरुंद जागा म्हणजे गव्हाण, ऊस गाळपासाठी आत टाकतात ती जागा. कारखान्याची जेवढी गाळपक्षमता, तेवढाच ऊस दिवसाला आत जातो. जिल्ह्यातून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला ही चांगलीच गोष्ट झाली, पण त्याने गव्हाणीचा वेग वाढत नाही. ट्रॅक्टर रांगेपाशी लवकर पोचतो, एवढंच. दिवसाच्या बंदीने हीच रांग अंधारात जाते, आणि मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात जीव घेते.

रांग इतकी लांब का? कारण गव्हाण रिकामी पडणं कारखान्याला परवडत नाही. म्हणून गाळपापेक्षा थोडी जास्तच तोड लावली जाते आणि गाडीतळावरचा ऊस हा त्याचा राखीव साठा होतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असं साखरेचं शास्त्र सांगतं. पुढे साखर उतारा घसरतो आणि त्यात कारखान्याचंही नुकसान आहे. पण बंद पडलेल्या गाळपापेक्षा ते त्याला कमी वाटतं. वाळलेल्या उसाचं वजन मात्र काट्यावर शेतकऱ्याच्या खात्यातून जातं, आणि टनावर मजुरी घेणाऱ्या कोयत्याच्या, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याच्याही. गडी गाडीपाशी अडकतो तेव्हा बाई कोपीवर, त्यांच्या झोपडीत, एकटी असते आणि दुसऱ्या दिवशीची तोड उशिरा सुरू होते. तोडीचा दिवस, गाडीचा नंबर, यातलं काहीच या मजुरांच्या हातात नसतं.

म्हणून रांगेतल्याकडून पैसे घ्या हे उत्तर इथे उलटं पडतं. व्हिकरींचा विचार प्रामाणिकपणे पुढे नेला, तर जो घड्याळ लावतो, त्या कारखान्याने थांबण्याचं मोल द्यायला हवं. यात नवं काही नाही. मालगाडीचे डबे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडवून ठेवले, तर रेल्वे विलंब शुल्क लावते. लोखंडी डब्याच्या थांबण्याला भाव आहे. डोकीवर मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या जोडप्याच्या थांबण्याला नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, ते संघर्षाशिवाय झालं नसतं. पण तीही वाढ टनावरची. रांगेत गेलेल्या रात्रीचा त्यात हिशेब नाही.

ठरावीक तासांनंतर प्रत्येक तासाला थांबभाडं लागू झालं, तर फुकटचा राखीव साठा महाग होईल आणि तोडीचं वेळापत्रक गाळपाशी जुळवण्यात कारखान्याचा स्वार्थ तयार होईल. तोड चिठ्ठीवरच गाडीने यायची वेळ पडेल. त्यासाठी गव्हाण रुंद करावी लागणार नाही, एकही टोळी कमी करावी लागणार नाही. गाडीला नंबर मिळाला ती वेळ आणि वजनाची वेळ, या दोन नोंदी पावतीवर शेजारी शेजारी छापायला लावणं ही पहिली मागणी असावी, आणि पुढच्या दरकराराच्या बैठकीत ती टनाच्या दराइतक्याच जोराने मांडली जावी.