आवडतं पुस्तक सांगताना

गोवंडी

चि. छकुलीस,
मामाचा आशीर्वाद.

मुलाखतीत आवडतं पुस्तक विचारलं तर काय सांगू, असं विचारून तू भलीमोठी यादी पाठवलीस. त्यातली निम्मी पुस्तकं तू वाचलेली नाहीस, हे तुझ्या पत्रातच दिसतं. ती आधी खोडून टाक. मग उरलेल्यांपैकी कोणत्या पुस्तकानं तुला नंतरही छळलं, ते बघ.

‘फकिरा’ यादीत आहे, ते बरंच आहे. १९५९ची कादंबरी, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली, १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेली. अण्णा भाऊ म्हटलं की सगळे तीच सांगतात. मला विचारशील तर मी त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा सांगेन. थोड्याच पानांची आहे. खाण बंद पडते, भीमाचं काम जातं आणि तो मसणवटीत मढ्यांवरचं सोनं हुडकायला लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि कायमची जातात. खाण पुन्हा सुरू झाल्याचं त्याला कळतं ते नेमकं तेव्हाच.

अण्णा भाऊ राहायचे घाटकोपरच्या चिरागनगरात, आमच्यापासून काही फार लांब नाही. आणि आमच्या इथे देवनारचं डंपिंग, १९२७ पासूनचं. पोती घेऊन वर चढणारी बायामाणसं मी वर्षानुवर्षं बघतोय. तांबं, पत्रा, प्लास्टिक निवडायचं आणि काटेवाल्याकडे नेऊन घालायचं. पूर्वी त्यांना बघून नुसतं वाईट वाटायचं. भीमा वाचल्यावर वेगळाच प्रश्न पडायला लागला, की यांचं आधीचं कोणतं काम बंद पडलं असेल? २०१६च्या जानेवारीत डंपिंग पेटलं, तेव्हा जो तो धुराबद्दल बोलत होता. बरोबरच होतं, श्वास घेणं मुश्कील झालं होतं. पण पुढे पहारा वाढला, तेव्हा रिकाम्या पोत्यांचा विचार माझ्या मनात आला तो त्या कथेमुळेच.

तूही असंच काहीतरी सांग. लेखक किती थोर, हे मुलाखत घेणाऱ्यांना ठाऊक असतं. ‘या पुस्तकानं माझं आयुष्य बदललं’ हे तर अजिबात म्हणू नकोस. बिचारे सकाळपासून तेच ऐकत बसलेले असतात. एखादा प्रसंग घे आणि तो वाचल्यावर तुला काय निराळं दिसलं, तेवढं बोल. ‘बलुतं’चं नाव घेणार असशील, तर त्यात दगडू आणि दया पवार एकमेकांशी बोलतात ते का, यावर तुझं स्वतःचं काही मत हवं. नसेल तर राहू दे.

आणि ‘श्यामची आई’ तू यादीत का नाही घातलंस? बालिश वाटेल म्हणून ना? अगं, साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३३ साली. शिवाय त्यातल्या श्यामसारखं आंघोळीनंतर तळवे मळतील म्हणून आईला पदर पसरायला लावणारी तूच होतीस. आमची ताई करवादायची, पण पसरायची! आता तू मोठी झालीस, त्या आईचं सगळंच तुला पटणार नाही. काय पटत नाही, तेही सांगता येईल. आधी ते पुन्हा वाच.

भीमाची कथा माझ्याकडे आहे. मुलाखतीच्या आदल्या दिवशीच ये. गोवंडीला टिसच्या बाजूला उतर आणि फोन कर, न्यायला येतो.

तुझा,
मामा