सनद आणि शील

वैद्याच्या हाती आपण शरीर देतो आणि वकिलाच्या हाती आपली बाजू. दोघांचेही कसब आपणास पारखता येत नाही. येत असते तर त्यांच्या दारी जाण्याचे कारणच उरले नसते. वणी, पुसद किंवा केळापूरकडील शेतकरी यवतमाळच्या कचेरीत वकीलपत्रावर सही वा अंगठा करतो, तेव्हा पुष्कळदा त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यास ठाऊक नसते. तडजोड करण्याचा व पैसे उचलण्याचाही अधिकार त्याने परक्या मनुष्याच्या स्वाधीन केलेला असतो. हा अधिकार जो विकतो, त्याच्याजवळ सनद राहू द्यावी काय? आणि सनद नेमकी कोणत्या अपराधाबद्दल काढून घ्यावी? हा प्रश्न कायद्याचा भासतो. मुळात तो नीतीचा आहे.

1879 च्या कायद्याने वकिलांना शासन करण्याचा अधिकार न्यायालयांकडे दिला होता. ज्या गुन्ह्यावरून चारित्र्यातील वैगुण्य दिसून येते, त्याबद्दल शिक्षा झालेल्या वकिलाची सनद उच्च न्यायालयास काढून घेता येत असे. शब्द योग्यच होते. पण ते वापरणाऱ्यांची दृष्टी नेहमी तितकी स्वच्छ राहिली नाही. 1919 साली अहमदाबादच्या काही वकिलांनी रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतली. तेव्हा अशी प्रतिज्ञा घेणारा सनदेस पात्र राहतो काय, असा प्रश्न तेथील जिल्हा न्यायाधीशाने मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडला. 1922 साली राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर गांधीजींचे नाव लंडनच्या इनर टेंपलने आपल्या पटावरून काढून टाकले. ते परत लिहिण्यास 1988 साल उजाडावे लागले. सरकारचा रोष आणि शीलाचा भंग या दोन वस्तू एक मानल्या म्हणजे असे होते.

आमच्या जिल्ह्यास हा भेद पुस्तकातून शिकावा लागला नाही. लोकनायक बापूजी अणे यवतमाळात वकिली करीत. 1930 च्या जुलैत त्यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा उघडपणे मोडला आणि कारावास पत्करला. कायद्याच्या दृष्टीने ते अपराधी ठरले. पण तेवढ्यावरून त्यांच्या शीलास डाग लागला असे कोण म्हणेल? उलट, ज्याने एकही कलम मोडले नाही पण आपल्या पक्षकारास न विचारता प्रतिपक्षाशी हातमिळवणी केली, त्याच्या अंगी ती सचोटी कोठून यावी? अण्यांनी राजाज्ञा मोडली, ती सर्वांच्या देखत आणि परिणाम अंगावर घेऊन. दुसरा विश्वास मोडतो, तो काळोखात आणि परिणाम दुसऱ्याच्या माथी मारून.

1961 च्या कायद्याने शासनाचा अधिकार वकिलांच्याच परिषदेकडे दिला. ताकीद, काही काळ सनद स्थगित करणे किंवा नाव पटावरून कायमचे कमी करणे, या तीन शिक्षा तिच्या हाती आहेत. चोरानेच चोराचा न्याय करावा, असा यावर उपहास होतो. तो सर्वस्वी खरा नाही. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दाराशी अशिलांवर झडप घालून कामे मिळविणाऱ्या वकिलांवर महाराष्ट्राच्या परिषदेने कारवाई केली. अखिल भारतीय परिषदेने तो निर्णय फिरविला, तेव्हा राज्याची परिषद स्वस्थ बसली नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. धंद्याच्या अब्रूची राखणदार म्हणून तिला दाद मागता येते, आणि अशिलांसाठी अशी झोंबाझोंबी हे गैरवर्तनच होय, असे त्या न्यायालयाने 1975 साली ठरविले.

मात्र शासनासही मर्यादा हवी. पुण्यातील बारा वकिलांनी आपल्याच व्यवसायबंधूंविरुद्ध केलेल्या तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली असा विवेक केला की, चुकीचा सल्ला देणे वेगळे आणि अनुचित सल्ला देणे वेगळे. बुद्धी चुकली म्हणून सनद हिरावली, तर भित्रे वकील निपजतील. ज्या दाव्यात धोका आहे तो कोणी हाती घेणार नाही, आणि त्याची झळ अखेर दुबळ्या पक्षकारासच लागेल. नियत चुकली तेथे मात्र दया दाखविणे म्हणजे पुढच्या पक्षकारावर अन्याय करणे होय.

खरी अडचण कायद्यात नाही. ज्याचा विश्वासघात झाला, त्यास तो कळतच नाही. कळलाच, तर परिषद दूर मुंबईस. तक्रार एका वर्षाच्या आत निकालात काढावी असे कायदा सांगतो. पण मुळात ती लिहून कोण देणार? त्याच बाररूममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणारा? त्यास बहुधा सारे माहीत असते. आणि तो गप्प राहतो. या मौनास आपण सौजन्य म्हणतो, सहव्यवसायींची भीड म्हणतो. ज्या शेतकऱ्याचा मोबदला परस्पर उचलला गेला, त्याच्या दृष्टीने मात्र हे मौन त्या लुटीतील भागीदारीच आहे. सनद देणे परिषदेच्या हाती आहे. सनदेची किंमत ठरविणे हे त्या शेजारच्या खुर्चीवरील मनुष्याच्या हाती आहे.