समकालीन कोणाला म्हणावे?

'समकालीन नृत्य' हे शब्द एके काळी मुंबईच्या मोजक्या नाट्यगृहांपलीकडे फारसे ऐकू येत नसत. आता ते शाळांच्या सूचनाफलकांवर येऊन बसले आहेत. शहरातील शाळा आपल्या विद्यार्थ्यांना दोन-तीन दिवसांसाठी कर्जत-खालापूरच्या बाजूला घेऊन जातात. एखाद्या कलाशिबिरात सकाळी नृत्य आणि दुपारी चित्रकला असा कार्यक्रम असतो, संध्याकाळी शेकोटी असते आणि शेकोटीभोवती 'स्थानिक आदिवासी नृत्य' असते. मुले आनंदाने परततात. या उपक्रमांविषयी आमच्या मनात आदरच आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये.

आदराचे कारण साधे आहे. आपल्या शाळेत मुलाचे शरीर म्हणजे बाकावर बसविण्याची वस्तू असते. हाताची घडी, तोंडावर बोट, ही आपल्या बालशिक्षणाची पहिली मुद्रा! कवायतीत तेच शरीर रांगेत उभे केले जाते. लेझीम हा किती रांगडा, अंगात भिनणारा खेळ. शाळेने त्याचीही कवायत करून टाकली. अशा मुलाला कोणी तरी सांगते की, आज ठरलेली मुद्रा नाही, ठरलेला ताल नाही. तू पड, लोळ, ऊठ, तुझ्या पाठीला काय वाटते ते पाठीनेच सांग. हा केवढा तरी मोकळेपणा आहे! अस्ताद देबू यांनी चेन्नई आणि कोलकाता येथील कर्णबधिर मुलामुलींबरोबर वर्षानुवर्षे नृत्य उभे केले. ज्यांना मृदंग ऐकू येत नाही ती मुले डोळ्यांनी आणि श्वासाने ताल धरतात, हे त्यांनी रंगमंचावर सिद्ध केले. डिसेंबर २०२० मध्ये देबू गेले. नव्या नृत्याचा नैतिक अधिकार काय, असे कोणी विचारले तर आम्ही प्रथम त्या मुलांकडे बोट दाखवू.

आमची शंका वेगळी आहे. वर वर्णिलेल्या कार्यक्रमात दोन नाच आहेत. सकाळच्या नाचाला 'समकालीन' म्हणतात, तर संध्याकाळचा नाच 'पारंपरिक' ठरतो. सकाळच्या शिक्षकाचे नाव पत्रकावर असते. त्याने कोणाकडे शिक्षण घेतले, कोणत्या देशांत प्रयोग केले, तेही छापलेले असते. संध्याकाळी नाचणारी माणसे मात्र केवळ 'नृत्यपथक' असतात. वस्तुतः दोन्ही नाच एकाच दिवशी, एकाच मातीवर झाले; दोन्ही नाचणारी माणसे त्याच वर्षी महागाईशी झगडत होती, आणि त्यांच्या खिशात मोबाईल फोनही होते. मग एक आपल्या काळाचा आणि दुसरा गतकाळाचा, हा निवाडा कोणी केला? काळ हा काही नाट्यगृहाच्या तिकिटाबरोबर मिळत नाही.

शब्दांचा कीस काढण्यात आम्हांला रस नाही. परंतु ज्याला आपण 'पारंपरिक' म्हणतो त्याच्याकडून घेतलेल्या गोष्टीचे ऋण आपण मानत नाही, हा या शब्दाचा खरा परिणाम आहे. परंपरा म्हटली की ती कोणाचीच नसते, वाऱ्यासारखी, पाण्यासारखी. पाहिजे त्याने ओंजळ भरून घ्यावी. समकालीन कलावंताची एक हालचाल उचलली तर मात्र चोरी ठरते.

याच कर्जत तालुक्यात, उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या त्या चैत्याच्या दर्शनी भागावर नाचणाऱ्या जोडप्यांची शिल्पे कोरलेली आहेत. कमरेला दिलेला बाक आणि उचललेला हात अजून ओळखता येतो. म्हणजे या भागातील नृत्य आणि दृश्यकला यांची गाठ दोन हजार वर्षांपूर्वीच पडलेली आहे. ती आपल्या शिबिरांनी नव्याने घातलेली नाही. पण आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो तेथील ब्राह्मी लिपीतला छोटासा लेख. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. प्राचीन शिल्पकार आपले नाव ठेवीत नसत, असे आपण मोठ्या कौतुकाने सांगत असतो. बलकाने तर दोन नावे ठेवली आणि त्यांतले एक गुरूचे. दगड फोडणाऱ्या त्या माणसाला जे सुचले, ते आपल्या गुळगुळीत पत्रकांना सुचू नये, याचा थोडासा विषाद वाटतो.

उदय शंकर यांचे उदाहरण घ्या. भारतातील आधुनिक नृत्याचा इतिहास त्यांच्यापासून सांगतात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अल्मोड्याला कलाकेंद्र काढले आणि १९४८ मध्ये 'कल्पना' हा नृत्यचित्रपट दिला. त्यांचे चरित्रकार नमूद करतात की, बालपणी गाझीपूरजवळच्या नसरतपुरात मातादीन नावाच्या एका चर्मकाराचा नाच पाहून या मुलाला पहिले वेड लागले. मातादीनचे नाव उरले, कारण ते पुढे कोणी तरी टिपून ठेवले. असे किती मातादीन वाड्यावस्त्यांवर नाचून गेले असतील!

चित्रकलेत याचा न्याय काही प्रमाणात झाला, तोही उशिरा. वारली चित्रे मुळात सवाशिणी स्त्रिया लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढीत. देवचौकात पालघट देवी असे, आणि लग्न झाले की चित्राचे काम संपे. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले, कागद आला, आणि जिव्या सोमा म्हसे या पुरुषाने त्या रेषेला रोजची साधना बनविले. १९८९ मध्ये पॅरिसच्या एका गाजलेल्या समकालीन कलाप्रदर्शनात म्हसे यांची चित्रे होती. पुढे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांचे संयुक्त प्रदर्शन झाले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. जगाने त्यांना समकालीन मानले ते ते शहरी झाले म्हणून नव्हे. ते आपल्या गावातच राहिले. त्यांचे नाव घेतले गेले, एवढाच फरक. ज्या सवाशिणींनी ती रेषा पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांची नावे मात्र आजही कोणाला ठाऊक नाहीत, हेही येथे नोंदविले पाहिजे.

आता कर्जत-खालापूरच्या भिंती पाहा. शेतघरे, विश्रामगृहे, शिबिरांच्या खोल्या, जिकडे पाहावे तिकडे गेरूवर पांढरी त्रिकोणी माणसे फेर धरून नाचत आहेत. ती मुख्यतः डहाणू-तलासरी-जव्हारकडची चित्रे. येथील वाड्यांवर राहतात ते ठाकर आणि कातकरी. पण 'आदिवासी' म्हटले की एकच भिंत, एकच रंग. मुंबईहून आलेले मूल दुपारच्या तासाला दोन त्रिकोण टोकाशी जोडून माणूस काढते, आणि आदिवासी म्हणजे सदैव नाचणारा आनंदी प्राणी, असा संस्कार घेऊन घरी जाते.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकरांची वाडी. २७ मृतदेह हाती लागले, पन्नासहून अधिक माणसे मातीखालीच राहिली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. त्या वाडीनेही फेर धरला होता, त्या वाडीलाही ढोल ठाऊक होता. ज्या मुलांना आपण ठाकरांचे नृत्य शिकवतो त्यांना ही वाडी ठाऊक नसेल, तर आपण त्यांना नेमके काय शिकवले? हालचाल शिकवली, माणूस शिकवायचा राहिला.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आपल्या शाळांची स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत होतात. त्यांत एक तरी 'आदिवासी नृत्य' असतेच. गुडघ्यापर्यंत नेसवलेली लुगडी, गळ्यात माळा, गालांवर पांढरे ठिपके, डोक्याला पाने. पालक टाळ्या वाजवितात. याच महिन्यांत कातकरी मूल कोठे असते? दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे उचल घेतलेल्या मालकाच्या वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. खैराच्या कातावरून ज्यांना नाव मिळाले त्या लोकांचे जंगल गेले, कात गेला आणि वाट्याला विटा आल्या. त्यांची लहान मुले आईबापांबरोबर भट्टीवरच्या झोपडीत असतात, विटा उलथतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात. सारांश, ज्याचे सोंग रंगमंचावर चालू आहे तो त्या घटकेला वर्गाच्या हजेरीपटावर गैरहजर आहे.

टॉलस्टॉयने कलेवरील आपल्या ग्रंथाच्या प्रारंभीच एका संगीतिकेच्या तालमीचे वर्णन केले आहे. पडद्यामागे राबणारे कामगार, शिव्या खाणारे नट, आणि हे सारे कशासाठी, हा त्याचा प्रश्न. साने गुरुजींनी हा ग्रंथ मराठीत आणला. आपल्याकडे मात्र चर्चा गाजली ती फडके-खांडेकरांची, कलेसाठी कला की जीवनासाठी कला. त्या वादात एक तिसरा प्रश्न मागे पडला: कलेची किंमत कोण मोजतो? प्रेक्षक तिकिटाचे पैसे मोजतो, पालक शिबिराचे शुल्क मोजतो, हे दिसते. न दिसणारी किंमत ज्याच्याकडे जाऊन पोहोचते तो सभागृहात नसतो.

यावर कोणी म्हणेल, तर मग शहरी मुलांनी ही नृत्ये शिकूच नयेत काय? हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. दुसऱ्याच्या पावलात पाऊल टाकून पाहणे हा माणसाला माणसाजवळ नेणारा जुना मार्ग आहे. तो बंद केला तर प्रत्येक जण आपापल्या अंगणात कोंडला जाईल. आपल्याकडे वसईत आजीचे लाल लुगडे नातीने स्नेहसंमेलनात नेसले तर आजीच्या डोळ्यांत पाणी येते. तेच लुगडे ज्याला वसई ठाऊक नाही अशा कोणी 'वेशभूषा स्पर्धे'साठी भाड्याने आणले की मनाला कोठे तरी टोचते. कापड तेच, नेसणेही कदाचित अधिक नेटके. मग टोचते काय? आजीला कोणी विचारले नाही, हे टोचते.

याची दुसरी बाजूही आहे, आणि कलाप्रेमी लोक तिच्याकडे सहसा पाहत नाहीत. आश्रमशाळेतील ठाकर मुलीला आपला फेर नको असेल, तिला जमिनीवर लोळून, उडी घेऊन, आपल्या एकटीच्या मनातले काही सांगावयाचे असेल, किंवा चित्रपटातल्या गाण्यावर नाचावयाचे असेल, तर तिला 'तुझी संस्कृती जप' असा उपदेश करणारे आपण कोण? परंपरा राखण्याचे काम गरिबांवर सोपवून नवतेचा आनंद स्वतःकडे ठेवणे, हा आमच्या मते मोठा अन्याय आहे. उद्या त्या मुलीने आजीचा फेर मोडून त्यातून तिसरेच काही उभे केले, तर तेच खरे समकालीन नृत्य असेल. मणिपूरच्या पुंग चोलम वादकांबरोबर देबूंनी असा प्रयोग केलाच होता. पण त्यासाठी त्या मुलीला सकाळच्या वर्गात जागा हवी, केवळ संध्याकाळच्या शेकोटीभोवती नको.

अशी जागा करणे अशक्य नाही, हे आपल्याच उत्तर कोकणाने दाखवून दिले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम मांडले तेव्हा त्यांना दिसले की, मुले गुरांमागे जातात. मुलांना दोष देत न बसता त्यांनी शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. १९९०च्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालविल्या. मूल जेथे आहे तेथे अक्षर जाऊ शकते, तर नाच आणि रंग का जाऊ नयेत? वीटभट्टीच्या राखेत बोटाने रेघ ओढणाऱ्या मुलाला खडूचे चार तुकडे आणि आठवड्याला एक तास देणारा शिक्षक मिळणे ही काही फार खर्चाची गोष्ट नव्हे.

दहावीच्या परीक्षेत आता शासकीय रेखाकला परीक्षेबद्दल, तसेच शास्त्रीय कला आणि लोककला यांबद्दल वाढीव गुण मिळतात. सोय चांगली आहे. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला लागतो, आणि ज्याच्या घरातच लोककला आहे त्याच्याजवळ नेमका तोच नसतो! वाडीवरच्या जाणत्या नर्तकाची सही दाखल्यावर चालावी, असा नियम का करू नये? शिबिर चालविणाऱ्यांनीही पथकाऐवजी माणसांची नावे छापावीत, सकाळच्या शिक्षकाला जे मानधन तेच संध्याकाळच्या शिक्षकाला द्यावे, आणि नाच कोणत्या प्रसंगी नाचतात, कोणत्या प्रसंगी नाचत नाहीत, हे त्याच्याच तोंडून मुलांना ऐकवावे.

आणि शाळांनी स्नेहसंमेलन दिवाळीच्या आधी घ्यावे. पावसामुळे मैदान ओले असते, सहामाही परीक्षा तोंडावर असते, मंडप महाग पडतो, ही सारी अडचण आम्हांला समजते. पण तेव्हा भात कापणीला आलेले असते, भट्ट्या पेटलेल्या नसतात आणि कातकरी मूल अजून गावात असते.